वहिनीची दोनशे पानी वही

सहावीच्या सहामाहीचा निकाल लागला त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. "तुझी पोर ऐकू येत नसताना शिकली. ह्याला कान आहेत, डोळे आहेत, सगळं आहे, आणि हा दोन ओळी धड वाचत नाही." मागून वहिनीचा आवाज येत होता, "हळू बोला, तो ऐकतोय."

माझी मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे. तिच्या श्रवणयंत्रापासून प्रमाणपत्रापर्यंत सगळ्या खिडक्यांवर मी उभी राहिलेली आहे, त्यामुळे घरात असं काही निघालं की मला फोन येतो. पण भाच्याचं प्रकरण माझ्यासाठीही नवीन होतं. माझ्या मुलीच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, आकडे छापून येतात, कानामागे यंत्र दिसतं, कुणाला फार सांगावं लागत नाही. भाच्याच्या बाबतीत दिसण्यासारखं काहीच नव्हतं. होता तो फक्त प्रगतिपुस्तकावरचा शेरा: "हुशार आहे, पण लक्ष देत नाही. घरी करून घ्यावे."

पुढच्या रविवारी मी गेले आणि आधी त्याच्या वह्या मागितल्या. विज्ञानाच्या वहीतलं एक पान मी बराच वेळ बघत बसले. 'बाष्पीभवन' हा शब्द त्या एकाच पानावर तीनदा होता आणि तिन्ही वेळा वेगळा: बापीभवन, बाष्पिवन, बाषीभन. 'सूर्य' सगळीकडे 'सुय'. घ च्या जागी ध, भ च्या जागी म. पेन्सिल इतकी दाबून धरलेली की पान उलटल्यावर मागून अक्षरं बोटाला लागत होती. एका ठिकाणी खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं आणि त्या भोकाच्या शेजारी लाल शाईत लिहिलेलं होतं, 'अक्षर सुधारणे'.

मी वही मिटली आणि त्याला तोच प्रश्न तोंडी विचारला. पाऊस कसा पडतो? छताकडे बघत तो सांगत गेला. पाण्याची वाफ, ढग, थेंब एकमेकांना चिकटून जड होणं, सगळं ओळीने. वर मलाच विचारलं, "आत्तू, मग गारा उन्हाळ्यातच का पडतात?" मला उत्तर येत नव्हतं. वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "हे असंच असतं ताई. बोलतो तेव्हा वाटतं पहिला येईल. पेपर आला की शून्य." दादा म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, आळस आहे."

त्या दिवशी मी एकच काम करून घेतलं. वहिनीला एक दोनशे पानी वही आणायला सांगितली. रोज दोन-तीन ओळी लिहायच्या. त्यात 'आळशी', 'हट्टी', 'लक्ष नाही' असले शब्द नकोत. काय झालं, किती वेळ लागला, कुठे अडलं, कशाने सुटलं, एवढंच हवं. हे मी माझ्या अनुभवातून शिकले होते. मुलगी दीड वर्षाची असताना मी डॉक्टरांना सांगत होते, "ती ऐकत नाही", आणि ते म्हणत होते, "मुलं नाहीच ऐकत." मग एकदा मी म्हटलं, "मागून हाक मारली तर वळत नाही, पण दार आपटलं तर दचकते." त्यांनी त्याच दिवशी तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. आईबापाला मुलाचं सगळं ठाऊक असतं, पण डॉक्टरांपुढे किंवा मुख्याध्यापकांपुढे ते बाहेर येतं विशेषणं होऊन, आणि विशेषणावर कुणालाच काही करता येत नाही.

वहिनी बारावी शिकलेली आहे. "मला कुठे लिहिता येतंय," असं म्हणत तिने सुरुवात केली. तीन आठवड्यांनी मी वही वाचली. तिच्या परवानगीने चार नोंदी इथे देते.

"सोमवार. इतिहासाचा अर्धा धडा वाचायला ४० मिनिटं. तिसऱ्या ओळीनंतर ओळ चुकली, खाली बोट ठेवल्यावर सापडली."

"फळ्यावरचा गृहपाठ अर्धाच उतरवून आणला. विचारल्यावर तोंडी पूर्ण सांगितला."

"१५ पर्यंत पाढे तोंडी बरोबर. शाब्दिक उदाहरण अडतं. मी वाचून दिलं तर सोडवतो."

"वर्गात मोठ्याने वाचायला उभं केलं. पोटात दुखतं म्हणून खाली बसला. घरी आल्यावर दुखत नव्हतं."

ही शेवटची नोंद वाचून दादा उठून बाहेर गेला. तो बराच वेळ आत आला नाही.

डोळे आणि कान आधी तपासून घेतले. हे कुणी टाळू नये. वाचता येत नाही म्हणून थेट मानसशास्त्रज्ञांकडे धावायचं आणि निघायचा चष्म्याचा नंबर, असं होऊ शकतं. शिवाय अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित अडतं त्या अडचणीची, तपासणी करणारे पहिल्याच भेटीत हे रिपोर्ट मागतात. दोन्ही रिपोर्ट चांगले आले. मग शाळेत जायची वेळ आली.

शाळेत माझ्याकडून चूक झाली. मी वहिनीला गप्प बसवलं आणि स्वतः बोलत सुटले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी म्हटलेली आहे, वगैरे. शब्दन्‌शब्द खरा होता. पण मुख्याध्यापक खुर्चीत मागे सरकले आणि हाताची घडी घालून बसले. म्हणाले, "आम्ही असं पत्र आजवर कुणाला दिलेलं नाही. मूल कच्चं आहे म्हणजे काय अपंग आहे का?" आम्हाला हवं होतं रुग्णालयाच्या नावाने शाळेचं पत्र, मागच्या वर्षांच्या प्रगतिपुस्तकांच्या प्रती आणि वर्गशिक्षकांचा अभिप्राय. बोलणं तिथेच थांबलं.

तेवढ्यात वहिनीने पिशवीतून वही काढली. कुणाकडे न बघता ती वाचू लागली. 'वर्गात वाचायला उभं केलं' ही नोंद आली तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "त्या दिवशी मीच उभं केलं होतं." मग त्या वहिनीशेजारी येऊन बसल्या आणि पुढची पानं स्वतः वाचू लागल्या. त्यांच्याही काही गोष्टी लक्षात आल्या होत्या. तोंडी परीक्षेत त्याला नेहमी चांगले गुण पडायचे, प्रश्नपत्रिका शेजारच्या मुलाने कुजबुजत वाचली की त्याचं उत्तर बरोबर यायचं, आणि त्यांना ती कॉपी वाटली होती. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. अभिप्राय त्यांनी दुसऱ्या दिवशीच लिहून दिला, दोन पानी. पुढची दोन वर्षं आमच्या बाजूने सगळ्यात जास्त धावपळ कुणी केली असेल तर त्या बाईंनी.

मुख्याध्यापकांच्या सहीला मात्र लेखी अर्ज लागला. इथे सगळ्या पालकांना कळकळीने सांगते, तोंडी मागू नका. अर्जाच्या दोन प्रती करा, एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या. 'पोच कशाला, आम्ही करतोच आहोत,' असं कुणी म्हटलं तरी हसून उभं राहायचं आणि पोच घेऊनच निघायचं. अर्जात आम्ही कायद्याचं कलम एका ओळीत लिहिलं आणि खाली वहीतल्या सहा नोंदी जोडल्या. नऊ दिवसांनी पत्र मिळालं.

जिल्ह्याच्या रुग्णालयात लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र होतं, पण अध्ययन अक्षमतेची पूर्ण तपासणी करणारी माणसं त्या वेळी तिथे नव्हती. मुंबईत शीव, नायर अशा पालिकेच्या रुग्णालयांत याची वेगळी केंद्रं आहेत. बाकी महाराष्ट्रात ज्याच्या त्याच्या नशिबाने लांब जावं लागतं. आम्हाला शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. केस पेपर काढला त्या दिवशी पुढची तारीख मिळाली अडीच महिन्यांनंतरची.

त्या अडीच महिन्यांत दादा एका खाजगी क्लासच्या नादी लागला. तीन महिन्यांत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अडचण, बरा करून देतो, असं तिथे सांगत होते आणि पैसे आगाऊ मागत होते. मी दादाला इतकंच म्हटलं, शिकवणाऱ्याचा आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचार. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, ती १९९२ च्या कायद्याने काम करते आणि विशेष शिक्षकाची नोंदणी तिच्याकडे असावी लागते. क्रमांक मिळाला नाही. दादा परत आला. डिस्लेक्सिया हा आजार नाही, तो बरा होत नाही. मूल वेगळ्या वाटेने वाचायला शिकतं, आणि ती वाट दाखवायला वेळ लागतो. तीन महिन्यांची हमी देणाऱ्याच्या दारातूनच परत फिरावं.

तपासणीसाठी चार खेपा झाल्या. एकदा बालरोगतज्ज्ञ, एकदा मानसशास्त्रज्ञांकडे बुद्ध्यांक चाचणी, दोनदा विशेष शिक्षिकेकडे वाचन, लेखन आणि गणित. वाचन-लेखनासाठी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तयार केलेला चाचणीसंच वापरतात. भाषेच्या बाबतीत आम्ही सुरुवातीलाच विचारून घेतलं होतं: मुलाचं माध्यम मराठी, तेव्हा वाचन मराठीतूनच तपासणार ना? ज्या भाषेत मूल शिकतं त्या भाषेत तपासणी झाली नाही, तर अक्षमता कुठली आणि भाषेचं अपरिचितपण कुठलं हे वेगळं काढता येत नाही. डॉक्टरांनी त्याच्या जन्माची, पहिल्या शब्दाची, चालण्याची माहिती विचारली आणि मग म्हणाल्या, "घरी काय दिसतं?" वहिनीने वही पुढे केली. डॉक्टर पानं उलटत राहिल्या. बाहेर रांग होती तरी त्यांनी घाई केली नाही. त्यांनी आठ पानांच्या प्रती काढून केस पेपरला जोडायला सांगितल्या. मी त्या खोलीत भिंतीला टेकून उभी होते आणि मला बोलायची गरज पडली नाही.

निष्कर्ष आला: डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया, म्हणजे वाचनात आणि लेखनात अडचण. गणिताच्या आकलनात अडचण नाही. बुद्ध्यांक सर्वसाधारण, काही उपचाचण्यांत सरासरीपेक्षा वर. मानसशास्त्रज्ञांनी भाच्याला आत बोलावून त्याच्याच शब्दांत सांगितलं की तुझा मेंदू अक्षरं ओळखायला वेगळा रस्ता घेतो आणि तो रस्ता लांबचा आहे. त्याने विचारलं, "म्हणजे मी ढ नाही?" त्या म्हणाल्या, "नाही." तो वडिलांकडे बघत होता.

प्रमाणपत्राचं नाव निघालं तेव्हा मात्र दादा अडला. "माझ्या पोराला अपंगाचं कार्ड? उद्या त्याला कोण विचारेल?" मी काही समजावून सांगितलं नाही. पर्समधून माझ्या मुलीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. दादाने ते उचलून पाहिलं. त्यावरचा तिचा फोटो ती तिसरीत असताना काढून आणायला त्यानेच तिला नेलं होतं. कार्ड माझ्या हातात परत देताना तो म्हणाला, "काय काय कागद लागतील ते सांग."

आधीच्या म्हणजे १९९५ च्या कायद्यात सातच प्रकारची अपंगत्वं होती, त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले आणि ती आत आली. आता प्रमाणपत्र यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन या अपंगत्व ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवरूनच निघतं. १ जून २०२१ पासून ते ऑनलाइनच द्यायचं असं बंधन आहे. आमचा अर्ज अडकला आधार कार्डामुळे. शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख आणि आधारवरची तारीख यांत एका दिवसाचा फरक होता. तो दुरुस्त करण्यात महिना गेला. ज्यांच्या घरात अशी तपासणी नुसती सुरू व्हायची आहे, त्यांनी आजच शाळेचा दाखला, जन्मदाखला आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव आणि तारीख अक्षर न्‌ अक्षर जुळवून पाहावी.

प्रमाणपत्र हातात आलं की काम संपलं असं वाटतं. मुलाला वर्गात काय मिळणार हे मात्र त्यानंतर ठरतं. आम्ही शाळेकडे बैठक मागितली, अर्थात लेखी. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून आले. त्यांच्याकडे इतक्या शाळा होत्या की आमच्याकडे त्यांना पंधरवड्यातून एकदाच येता येत होतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं आहे. प्रत्यक्षात तो एक माणूस मोटारसायकलवर तालुकाभर फिरत होता आणि तरीही बैठकीला वेळेवर आला. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

बैठकीत वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार झाला. छापील नमुन्यात पहिलं उद्दिष्ट होतं, 'वाचन कौशल्यात सुधारणा करणे'. वहिनीने विचारलं, "सर, सुधारणा झाली हे मला घरी कसं कळणार?" माझ्या मनात होतं तेच ती बोलली होती. सरांनी ते खोडलं आणि लिहिलं: 'दिवाळीपर्यंत चौथीच्या पातळीचा आठ ओळींचा अपरिचित उतारा ओळ न चुकता वाचणे, दर पंधरा दिवसांनी वर्गशिक्षिका ऐकतील व तारीख टाकतील.' याच धर्तीवर बाकीची उद्दिष्टं झाली. फळ्यावरचा मजकूर त्याने उतरवायचा नाही, बाई फोटो काढून पाठवतील. मोठ्याने वाचायला अचानक उभं करायचं नाही, आदल्या दिवशी परिच्छेद सांगायचा. विज्ञान आणि इतिहासात शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. घटक चाचणीत तासाला वीस मिनिटं जादा आणि प्रश्न वाचून दाखवायचा.

जादा वेळेवरून पुन्हा वाद झाला. "सवलती दहावीला असतात, आत्तापासून कशाला?" हा समज फार पसरलेला आहे. कायद्याच्या कलम १७ मध्ये अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी आहेत, आणि त्या फक्त बोर्डाच्या परीक्षेपुरत्या असं तिथे म्हटलेलं नाही. शिवाय जादा वेळ वापरायलाही शिकावं लागतं. पहिल्या चाचणीत भाच्याने वाढीव वेळेत नुसतं बसून राहून पेपर दिला. बाईंनी त्याला शिकवलं की त्या वेळात काय करायचं: आधी आलेली उत्तरं, मग परत वाचणं, मग रफार आणि मात्रा बघणं.

प्रत्येक सवलत घ्यायलाच हवी असंही नाही. दहावीला सातवीच्या पातळीच्या गणिताचा पर्याय कुणीतरी सुचवला होता. ज्यांना गणितच अडतं त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. भाच्याचं गणित चांगलं आहे. ते सोडलं तर पुढे गणित लागणाऱ्या वाटा अडतील. म्हणून नको म्हटलं. लेखनिकाचंही त्याने स्वतः ठरवलं: "मला लिहायचंय, वेळ द्या फक्त." तो विचार पुढे बदलला तर बदलू दे.

घरी दादाने एक गोष्ट सुरू केली, कुणी न सांगता. रात्री जेवणं झाल्यावर तो दुसऱ्या दिवशीचा धडा फोनमध्ये वाचून रेकॉर्ड करतो. दमलेला असतो, मध्येच जांभई येते, तीही रेकॉर्ड होते. भाचा सकाळी पुस्तक उघडं ठेवून, ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवत ते ऐकतो. पट्टीला विशेष शिक्षकांनी एका ओळीएवढी खिडकी कापून दिली आहे. जोडाक्षरं तो अजून तोडून लिहितो, रंगीत पेन्सिलने, बा-ष्-पी. सातवीच्या दिवाळीला आठ ओळींचा उतारा झाला नाही, सहाच ओळी झाल्या. वहीत वहिनीने तसंच लिहिलं, सहा. फेब्रुवारीत आठ झाल्या.

आता तो आठवीत आहे. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या चौदाव्या वर्षी आणि पुन्हा अठराव्या वर्षी नव्याने घ्यावं लागतं, आणि येत्या जूनमध्ये त्याला चौदा पूर्ण होतील. मी माझ्या डायरीत ते लिहून ठेवलं होतं आणि मागच्या आठवड्यात फोन केला, की तारीख घ्यायला हवी, मी कधी येऊ. वहिनी म्हणाली, "तारीख घेतली ताई, बारा जूनची. शाळेचं पत्रही आणलंय, पोच घेऊन. तुम्ही आलात तर आनंदच आहे, पण रजा नका टाकू. आम्ही तिघं जाऊन येतो." मग म्हणाली, वही भरत आली, दुसरी आणलीय.